बीएफ-थ्रीमध्ये हायड्रोजनच नाही, मग ते ॲसिड कसं?

ताई, मी बारावी सायन्सला आहे, लातूरला हॉस्टेलवर राहते, नीटची तयारी चालू आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं. तेव्हा शिकवलेलं की पाण्यात एच प्लस देतं ते आम्ल आणि ओएच मायनस देते ती आम्लारी, तेवढं पाठ केलं आणि झालं. आता एकाच चॅप्टरमध्ये अऱ्हेनियस, ब्रॉन्स्टेड-लॉरी आणि लुईस अशा तीन डेफिनेशन आल्यात आणि तिन्ही वेगळ्या. मागच्या टेस्टला ‘यातलं ॲसिड नसलेलं ओळखा’ असा प्रश्न होता, मी बीएफ-थ्रीवर (बोरॉन ट्रायफ्लोराईड) टिक केलं कारण त्यात हायड्रोजनच नाही, आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये गेले. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले पाठ कर आणि पुढे चल. रूममेट म्हणते शास्त्रज्ञांचंच अजून ठरलेलं नाही तर आपण कशाला डोकं खपवायचं. ताई, यातली खरी डेफिनेशन कुठली? जुनी चुकीची आहे तर दहावीत शिकवलीच कशाला? आणि परीक्षेत कुठली धरायची? मला तर वाटायला लागलंय की केमिस्ट्री आपलं कामच नाही.
— कन्फ्यूज, लातूर

अगं कन्फ्यूज,

शेवटच्या वाक्याचं आधी बघू. एका टिकवरून केमिस्ट्री आपलं काम नाही असं ठरवायला निघालीस तर अवघड आहे बाई. तू जे लॉजिक लावलंस ना, हायड्रोजन नाही म्हणजे एच प्लस नाही म्हणजे ॲसिड नाही, ते दहावीच्या डेफिनेशनने शंभर टक्के बरोबर आहे, फक्त प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात लुईस होता आणि तुझ्या डोक्यात अऱ्हेनियस. न समजता बरोबर टिक करणाऱ्या पोरींपेक्षा तुझी चूक मला जास्त आवडली. मार्क गेले ते गेले, त्याला इलाज नाही.

रूममेटचं म्हणणं मात्र खोडून काढायला पाहिजे. शास्त्रज्ञांचं ठरलेलं आहे, अगदी पक्कं ठरलेलं आहे, फक्त एकच गोष्ट न ठरता तीन-चार ठरल्यात आणि त्या सगळ्या आज एकाच वेळी वापरात आहेत, एकाच लॅबमध्ये, कधीकधी एकाच माणसाच्या वहीच्या एकाच पानावर. नवी आली म्हणून जुनी रद्द झाली असं इथे झालेलंच नाही. प्रत्येक डेफिनेशन वेगळा प्रश्न विचारते. अऱ्हेनियस विचारतो, पाण्यात टाकल्यावर काय सुटतं? ब्रॉन्स्टेड आणि लॉरी विचारतात, प्रोटॉन (म्हणजे तोच एच प्लस) कुणी दिला आणि कुणी घेतला? लुईस विचारतो, इलेक्ट्रॉनची जोडी कुणाची होती आणि ती कुणी घेतली? त्यामुळे खरी कुठली हे शोधत बसायचंच नाही, समोरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये काय हलतंय ते बघायचं, की कुठली डेफिनेशन लावायची ते आपोआप कळतं. हे एकदा डोक्यात बसलं की त्या चॅप्टरचं ओझं निम्मं उतरतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण नुसतं पाठ करताना ही माणसं म्हणजे फक्त स्पेलिंग चुकायची नावं वाटतात. आधी ॲसिड म्हणजे काय, तर आंबट लागतं, लिटमस लाल करतं, चुनखडीवर टाकलं की फसफसतं. हे वर्णन झालं, कारण नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये लाव्हाझिएने सांगितलं की ॲसिडपणा येतो तो ऑक्सिजनमुळे, आणि खरं सांगायचं तर ते पटण्यासारखं होतं, सल्फ्युरिक, नायट्रिक, फॉस्फोरिक सगळ्यांत ऑक्सिजन आहेच की. पण एचसीएल काही ऐकेना. १८१० मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की एचसीएलमध्ये ऑक्सिजनचा पत्ता नाही आणि क्लोरीन हे स्वतःच एक मूलद्रव्य आहे. मग सगळ्यांचं लक्ष हायड्रोजनकडे वळलं आणि १८३८ मध्ये जर्मनीत लिबिग म्हणाला, ज्यातला हायड्रोजन काढून त्या जागी धातू बसवता येतो ते ॲसिड. झिंकच्या तुकड्यावर एचसीएल ओतून बुडबुडे काढायचा शाळेतला प्रयोग आठवतोय ना, तो म्हणजे लिबिगचीच डेफिनेशन समज.

आणि मग अऱ्हेनियस. स्वीडनचा पंचविशीचा पोरगा, १८८४ मध्ये उप्साला युनिव्हर्सिटीत त्याने डॉक्टरेटचा प्रबंध दिला, विषय होता मीठ वगैरे विरघळवलेल्या पाण्यातून वीज कशी वाहते, आणि परीक्षकांना तो इतका पचला नाही की त्याला जेमतेम पास केलं, म्हणजे पुढे तिथे शिकवायची नोकरी मिळायचीही पंचाईत होईल असा ग्रेड. त्याच कामातून पुढे आयनांची थिअरी उभी राहिली आणि १९०३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. (निगेटिव्ह मार्किंगचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस हे सांगायचा हा माझा आडमार्ग आहे.)

आता तू विचारलंस की ही डेफिनेशन चुकीची तर दहावीत का शिकवली. चुकीची कुठे आहे? तिच्यामुळे काय सुटलं ते बघ. थर्मोकेमिस्ट्रीत तू वाचलं असशील की स्ट्राँग ॲसिड आणि स्ट्राँग बेस एकत्र केले की एक मोल पाणी तयार होताना साधारण ५७ किलोज्यूल उष्णता निघते. एचसीएल घे नाहीतर नायट्रिक घे, एनएओएच घे नाहीतर केओएच घे, आकडा जवळपास तोच. का बरं? तर सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड, नायट्रेट ही सगळी मंडळी नुसती बघ्याची भूमिका घेतात, खरी रिअ‍ॅक्शन एकच होते, एच प्लस आणि ओएच मायनस मिळून पाणी. हे अऱ्हेनियसमुळे कळतं आणि फार सोप्यात कळतं. प्रॅक्टिकलला ब्युरेट लावून फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग यायची वाट बघत बसतेस ना, त्या सगळ्या टायट्रेशनला अऱ्हेनियस पुरतो. मातीचा पीएच, विहिरीच्या पाण्याचा पीएच, सगळं पाण्यातच चालतं, तिथेही तो पुरतो. दहावीच्या पोराला पाण्याबाहेरचं ॲसिड-बेस भेटतच नाही, मग त्याच्या डोक्यावर लुईस कशाला आणून ठेवायचा.

भानगड होते ती पाणी नसताना. आणि ही भानगड तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहेस, फक्त तेव्हा तुझं लक्ष जर्नल भरण्याकडे असणार. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये अमोनियमची टेस्ट आठव. सॉल्टमध्ये एनएओएच घालून टेस्टट्यूब गरम केली की अमोनियाचा तो नाकात जाणारा वास येतो, मग काचेची कांडी कॉन्सन्ट्रेटेड एचसीएलमध्ये बुडवून टेस्टट्यूबच्या तोंडाशी धरायची, की दाट पांढरा धूर. तो धूर म्हणजे अमोनियम क्लोराईडचे बारीक कण. आता सांग, हे ॲसिड आणि बेसचंच झालं ना? सॉल्ट तर तयार झालं. पण अमोनियात ओएच कुठेय? एनएच-थ्री, बस, संपलं. आणि कांडीवर थेंबभर पाणी असलं तरी धूर होतोय तो वर हवेत, गॅस आणि गॅस भेटून, अगदी कोरडे गॅस घेतले तरी होतो. म्हणजे ओएच मायनस कुठे आलाच नाही तरी बेसने बेसचं काम केलं.

अऱ्हेनियसच्या बाजूने लोकांनी मग काय पळवाट काढली, तर अमोनिया पाण्यात गेला की एनएच-फोर-ओएच तयार होतं आणि ते ओएच मायनस देतं. लॅबमधल्या बाटलीवर अजूनही अमोनियम हायड्रॉक्साईड असंच लेबल असतं. पण त्या बाटलीत खरंच बघायला गेलं तर काय सापडतं, पाणी, भरपूर एनएच-थ्री, आणि थोडे एनएच-फोर प्लस आणि थोडे ओएच मायनस, ०.१ मोलरच्या सोल्यूशनमध्ये अमोनियाच्या शंभर रेणूंतला एखादाच आयन झालेला असतो. म्हणजे तो ओएच अमोनियाच्या पोटातून आलाच नाही. अमोनियाने पाण्याचा एक प्रोटॉन घेतला आणि पाण्याचा जो उरला तो ओएच मायनस.

दहावीत अजून एक गोष्ट केली असशील, कोरड्या एचसीएल गॅससमोर कोरडा निळा लिटमस धरला तर काही होत नाही, ओला धरला की लाल. तिथेही तेच, एचसीएल आपणहून एच प्लस ‘सोडत’ नाही, पाणी तो घेतं आणि एच-थ्री-ओ प्लस होतं. सुटा एच प्लस म्हणजे नुसता प्रोटॉन, अणूपेक्षा हजारो पट लहान, तो पाण्यात एकटा मोकळा फिरतोय हे शक्यच नाही, समोर जो इलेक्ट्रॉनवाला दिसेल त्याला तो चिकटणारच. आपण पुस्तकात एच प्लस लिहितो ते फक्त हात दुखू नये म्हणून.

म्हणजे देणारा आहे तर घेणाराही पाहिजे. १९२३ मध्ये कोपनहेगनच्या ब्रॉन्स्टेडने आणि इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या लॉरीने, एकमेकांना न विचारता, हेच मांडलं. प्रोटॉन देतो तो ॲसिड, घेतो तो बेस. संपली डेफिनेशन. पाण्याची अट गेली, ओएचची अट गेली, आणि अमोनिया कुठलीही पळवाट न काढता बेस झाला.

आणि इथे एक गोष्ट बदलते जी पोरींच्या सहसा लक्षात येत नाही आणि मग सगळं कन्फ्यूजन तिथून सुरू होतं. अऱ्हेनियसकडे ॲसिड असणं हा त्या पदार्थाचा स्वभाव होता. ब्रॉन्स्टेड-लॉरीकडे ती भूमिका आहे. तू आईची मुलगी आहेस आणि धाकट्या भावाची ताई आहेस, समोर कोण आहे त्यावर ठरतं, तू तीच असतेस. पाणी एचसीएलसमोर आलं की प्रोटॉन घेतं, बेस. अमोनियासमोर आलं की प्रोटॉन देतं, ॲसिड. खायच्या सोड्यातला एचसीओ-थ्री मायनस, त्याचं पण तसंच. आणि सगळ्यात मजा नायट्रिक ॲसिडची. बेन्झीनच्या नायट्रेशनला कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक आणि कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक घेतात, बरोबर? तिथे नायट्रिक ॲसिड हे बेस असतं! सल्फ्युरिक त्याच्यावर प्रोटॉन लादतं, मग त्यातून पाणी निघून जातं आणि उरतो एनओ-टू प्लस, जो पुढे बेन्झीनवर जाऊन बसतो. नावात ॲसिड लिहिलेला पदार्थ बेसचं काम करतोय, आणि तुझ्या ऑरगॅनिकच्या पुस्तकात ही मेकॅनिझम छापलेली आहे, फक्त तिथे कुणी थांबून सांगत नाही. उलट्या बाजूने, ॲसिटिक ॲसिड पाण्यात वीक, पण लिक्विड अमोनियात टाकलं तर स्ट्राँग ॲसिडसारखं वागतं, कारण अमोनिया प्रोटॉन ओढून घ्यायला पाण्यापेक्षा फार पुढे. म्हणून स्ट्राँग की वीक असं विचारलं तर मनात लगेच विचारायचं, कशात?

बरं, आता लुईस, तुझा बीएफ-थ्री.

गिल्बर्ट लुईस, कॅलिफोर्नियात बर्कलेला होता, आणि गंमत म्हणजे त्यानेही आपली डेफिनेशन १९२३ मध्येच पुस्तकात लिहिली. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, मग १९३८ मध्ये त्याने परत तो विषय काढला तेव्हा लोक जागे झाले. (या माणसाने केमिकल बाँड म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी हे आपल्याला दिलं, डॉट स्ट्रक्चर दिलं, आणि अनेकदा शिफारस होऊनही त्याला नोबेल मिळालं नाही, हे मला आजही पटत नाही.) त्याची डेफिनेशन, इलेक्ट्रॉनची जोडी देतो तो बेस, ती घेतो तो ॲसिड.

आता परत त्या पांढऱ्या धुराकडे ये. अमोनियाच्या नायट्रोजनवर एक लोन पेअर आहे, म्हणजे कुठल्याच बाँडमध्ये न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी. एचसीएल समोर आलं तेव्हा अमोनियाने काय केलं, ती पेअर पुढे करून हायड्रोजनला धरलं. आता एचसीएलच्या जागी बीएफ-थ्री आण. बोरॉनकडे बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन, तीन फ्लोरिनशी तीन बाँड, म्हणजे त्याच्याभोवती सहाच इलेक्ट्रॉन झाले, ऑक्टेटला, म्हणजे आठाच्या पूर्ण संचाला, दोन कमी, आणि एक पी ऑर्बिटल रिकामी पडलेली. अमोनिया तीच लोन पेअर पुढे करतो आणि ती त्या रिकाम्या जागेत जाते, सपाट १२० अंशांचा बीएफ-थ्री वाकून टेट्राहेड्रल होतो आणि पांढरा घन पदार्थ तयार होतो. अमोनियाने दोन्ही वेळा अगदी तेच केलं. मग पहिल्या वेळी तो बेस आणि दुसऱ्या वेळी कोणीच नाही, असं म्हणायचं? आणि तो बेस असेल तर समोरचा बीएफ-थ्री कोण? इथे तुझं टिक चुकलं, एवढंच झालं.

हायड्रोजन नाही तर ॲसिड कसं, याला लुईसने स्वतःच फार चपखल उत्तर दिलेलं. तो म्हणाला, ॲसिड म्हणजे हायड्रोजनवालंच असं धरणं म्हणजे ऑक्सिडायझिंग एजंट म्हणजे ऑक्सिजनवालाच असं धरण्यासारखं आहे. विचार कर जरा. ऑक्सिडेशन म्हणजे ऑक्सिजन जोडणं हे शाळेत शिकलीस, मग इलेक्ट्रॉन जाणं हे शिकलीस, आणि आज क्लोरीनला ऑक्सिडायझिंग एजंट म्हणताना तुला काहीच वाटत नाही, त्यात ऑक्सिजन कुठेय हे तू विचारलं नाहीस. तिथे तू कन्फ्यूज झाली नाहीस मग इथे का होतेस?

या बाबतीत माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे बोरिक ॲसिड. कॅरमवर जी पावडर टाकतो ना, सोंगट्या सुळसुळ पळाव्यात म्हणून, ती. (तोंडात जाऊ देऊ नका, विषारी आहे, लहान पोरं असतील तर खेळून झाल्यावर बोर्ड पुसा.) तिचा फॉर्म्युला एच-थ्री-बीओ-थ्री, नावात ॲसिड, फॉर्म्युल्यात चक्क तीन हायड्रोजन, म्हणजे कुणालाही वाटणार की हे तीन प्रोटॉन देणार, फॉस्फोरिकसारखं. देतं किती? आपल्यातला एकही देत नाही. ते पाण्याकडून ओएच मायनस घेतं, त्याची इलेक्ट्रॉनची जोडी बोरॉनच्या रिकाम्या ऑर्बिटलमध्ये जाते, बी-ओएच-फोर मायनस तयार होतो, आणि पाण्याचा जो प्रोटॉन मोकळा होतो तो दुसऱ्या पाण्याच्या रेणूवर जातो. पीएच खाली येतो तो त्या प्रोटॉनमुळे. म्हणून पुस्तकात लिहिलेलं असतं ‘वीक, मोनोबेसिक, प्रोटॉनिक नाही, लुईस ॲसिड’ आणि पोरं ते मंत्रासारखं पाठ करतात. हायड्रोजन नसलेला बीएफ-थ्री ॲसिड आणि तीन हायड्रोजन असलेलं बोरिक ॲसिडही ॲसिड, पण दोघंही एकाच कारणाने, बोरॉनच्या रिकाम्या जागेमुळे. पीकेए (ॲसिड किती स्ट्राँग ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितकं वीक) साधारण ९.२, इतकं वीक की एनएओएचने सरळ टायट्रेट करायला गेलीस तर फिनॉल्फ्थॅलीन कधी बदललं तेच धड कळत नाही, गुलाबी हळूहळू चढत राहतो आणि एन्ड पॉइंट हातात येत नाही. मग त्यात ग्लिसरीन घालतात. ग्लिसरीनचे ओएच बोरॉनला दोन बाजूंनी धरून ठेवतात, तो बोरेट पक्का बसतो, प्रोटॉन जास्त सहज सुटतो, आणि एन्ड पॉइंट खटकन येतो.

अजून एक तुझ्या प्रॅक्टिकलमधलंच. क्लोराईडच्या टेस्टला सिल्व्हर नायट्रेट घातलं की पांढरा पीपीटी (साका) येतो आणि अमोनिया घातला की तो विरघळून जातो. का विरघळतो हे व्हायव्हाला विचारलं की वर्ग गप्प होतो. सिल्व्हर आयन लुईस ॲसिड, अमोनिया लुईस बेस, दोन अमोनिया आपापल्या लोन पेअर घेऊन सिल्व्हरला धरतात आणि तो पाण्यात जातो. ब्रोमाईडचा फिकट पिवळा थोडाच विरघळतो, आयोडाईडचा पिवळा विरघळतच नाही, कारण सिल्व्हरची आयोडाईडशी गट्टी फार घट्ट, अमोनियाला तो सोडवता येत नाही. तेच सिल्व्हर फ्लोराईड मात्र पाण्यात आरामात विरघळतं. म्हणजे लुईसमध्ये ‘कोण किती स्ट्राँग’ याची एकच यादी करता येत नाही, जोडीदार बदलला की नंबर बदलतात. १९६३ मध्ये पिअरसनने यातून हार्ड आणि सॉफ्ट असा हिशोब काढला, हार्डला हार्ड आवडतो, सॉफ्टला सॉफ्ट, सिल्व्हर सॉफ्ट आणि आयोडाईड सॉफ्ट. तुझ्या सिलॅबसला एवढ्या खोलात नाही, पण माहीत असलं की सॉल्ट ॲनालिसिसचं पाठांतर बरंच कमी होतं.

बायोलॉजीवालीला एक आवडेल. कार्बन मोनॉक्साईड. पाण्यात टाकून लिटमस लाव, बेस म्हणून त्याची दखलही कुणी घेणार नाही. पण हिमोग्लोबिनच्या आयर्नला तो आपली लोन पेअर देऊन ऑक्सिजनच्या दोनशेपट तरी जास्त घट्ट बसतो, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं यानेच जातात. ब्रॉन्स्टेडने बघितलंस तर निरुपद्रवी, लुईसने बघितलंस तर कळतं की हा किती चिवट बेस आहे.

मग लुईस एवढा मोठा तर बाकीचे टाकून का देत नाही? मोठा आहे म्हणूनच. सगळंच ॲसिड-बेस झालं तर त्या शब्दाने काही कळेनासं होतं. रशियन केमिस्ट उसानोविचने १९३९ मध्ये याहून मोठी डेफिनेशन केली, इतकी की सोडियम आणि क्लोरीनची रिअ‍ॅक्शनसुद्धा तीत ॲसिड-बेस म्हणून बसते, आणि त्याच कारणाने ती फारशी कुणी वापरत नाही. आणि लुईसकडे पीएच नाही, पीकेएची सरळ शिडी नाही, ती सगळी ब्रॉन्स्टेडची मिळकत. उलट पाण्याचं नावही नाही तिथे अजून वेगळीच डेफिनेशन कामाला येते, चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या भट्टीत साधारण १४५० अंशाला चुना आणि सिलिका एकत्र होतात तिथे ऑक्साईड आयन देतो तो बेस आणि घेतो तो ॲसिड, लक्स आणि फ्लड या दोघांची ही मांडणी. लिक्विड अमोनियात काम करणाऱ्यांची अजून वेगळी आहे. ते सोड, तुला नको ते.

एक मात्र लक्षात ठेव. केमिस्ट लोक आपसात बोलताना नुसतं ॲसिड म्हणाले तर ते ब्रॉन्स्टेडचंच ॲसिड असतं, बीएफ-थ्री किंवा ॲल्युमिनियम क्लोराईडची गोष्ट असेल तर ते ‘लुईस ॲसिड’ असं पूर्ण नाव घेतात. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की तुझ्या टेस्टचा तो प्रश्नच ढिसाळ होता, कुठली डेफिनेशन ते लिहायला हवं होतं. पण ढिसाळ प्रश्न पेपरात येतातच, त्यांच्याशी भांडत बसायला वेळ नसतो, म्हणून आता परीक्षेचं.

प्रश्नात नाव दिलं असेल, अऱ्हेनियस किंवा ब्रॉन्स्टेड, तर तेच आणि तेवढंच लावायचं, शहाणपणा करायचा नाही. नाव दिलं नसेल तर ऑप्शन बघ. त्यात बीएफ-थ्री, एएलसीएल-थ्री, एफईसीएल-थ्री, मेटलचे आयन, असलं काही दिसलं की समज लुईस चाललाय, मग विचार एकच, रिकामी जागा कुणाकडे आणि लोन पेअर कुणाकडे. बेन्झीनच्या फ्रीडेल-क्राफ्ट्समध्ये कोरडं एएलसीएल-थ्री घालतात ते याच कामाला, ते सीएच-थ्री-सीएलमधला क्लोरीन त्याच्या इलेक्ट्रॉनसकट ओढतं. कार्बन डायऑक्साईड पण लुईस ॲसिड आहे, त्यात रिकामी ऑर्बिटल सरळ दिसत नाही म्हणून पोरी ते सोडून देतात, पण ओएच मायनस त्याच्या कार्बनवर येऊन बसतो आणि बायकार्बोनेट होतो.

‘कॉन्ज्युगेट’ हा शब्द दिसला की डोळे झाकून ब्रॉन्स्टेड-लॉरी. कॉन्ज्युगेट पेअर म्हणजे ॲसिड आणि त्याने प्रोटॉन दिल्यावर उरलेला बेस, दोघांत फरक एकाच प्रोटॉनचा, जास्त नाही. एच-टू-एसओ-फोरचा कॉन्ज्युगेट बेस एचएसओ-फोर मायनस, एसओ-फोर टू मायनस नाही, इथे दरवर्षी किती जणी घसरतात विचारू नकोस. अमोनियाचा कॉन्ज्युगेट बेस विचारला तर एनएच-टू मायनस, घाईत सगळ्या एनएच-फोर प्लस लिहितात, कारण अमोनिया म्हणजे बेस हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की तो प्रोटॉन देऊही शकतो हे सुचतच नाही. दहाचा उणे आठवा घात मोलर एचसीएलचा पीएच ८ लिहून ये आणि बघ, ॲसिड कितीही पातळ केलं तरी बेस होणार नाही, तिथे पाण्याचे स्वतःचे आयन धरावे लागतात आणि उत्तर ७ च्या जरा खाली, ६.९८ येतं.

मराठी मीडियमचं टेन्शन घेऊ नकोस, आम्ल-आम्लारी म्हणून जे शिकलीस ते सगळं इथे जसंच्या तसं चालतं. फक्त डेफिनेशन लिहिताना ‘डोनर’ आणि ‘ॲक्सेप्टर’ कुणासाठी कुठे वापरतोय ते दोनदा वाच, कारण ब्रॉन्स्टेडमध्ये ॲसिड हा डोनर असतो आणि लुईसमध्ये ॲसिड हा ॲक्सेप्टर असतो, आणि घाईत ही अदलाबदल हमखास होते. डोनर कशाचा हे सोबत लिहिलंस, प्रोटॉनचा की इलेक्ट्रॉन पेअरचा, तर घोळ होणार नाही.

आणि पुढच्या टेस्टला कुणी ‘एनएच-थ्री आणि बीएफ-थ्रीच्या रिअ‍ॅक्शनमध्ये कॉन्ज्युगेट पेअर ओळखा’ असं विचारलं आणि ऑप्शनमध्ये ‘यापैकी नाही’ असेल तर बिनधास्त त्यावर टिक कर, तिथे प्रोटॉन जागचा हललेलाच नाही.

— ताई